हौसाचा पट्टा

पाय घसरला तशी द्वारकेनं हाताला आला तो वाळ्याचा ठोंब घट्ट धरला, आणि ठोंबच हातात आला. मुळासकट, मातीसकट, पाटाकडेची घोळ उपटावी इतका सहज. ती बसल्या बसल्या चार हात खाली घसरली, एका धोंड्याला टेकून थांबली आणि आधी तिनं वासराला शिव्या घातल्या. त्या मेल्याच्या पायीच ती भर आषाढात भैरीच्या डोंगरउतारावर चढली होती. मग तिचं लक्ष हातातल्या ठोंबाकडं गेलं आणि पुढची शिवी तोंडातच राहिली.

हा ठोंब उपटणं शक्यच नव्हतं. चार वर्षांपूर्वी संशोधन संस्थेच्या आवारात आंबेटेकच्या सहा गड्यांनी याच जातीच्या एका ठोंबाला दोर बांधून ओढला होता. दोर तुटला, धोंडिराम सरपंच पाठीवर आपटला, वाळा जागचा हलला नाही. गाव त्या दिवशी पोट धरधरून हसलं होतं. आणि आज पन्नाशीच्या बाईच्या एका हाताला तो निघून आला होता.

द्वारकेनं ठोंब उलटा केला. बुडख्याला केसासारखी बारीक मुळं वीतभर लोंबत होती. त्यांच्या मधोमध जाड मुळांची जुडी होती, चार बोटं लांब, पुढं काहीच नाही. टोकं काळी पडलेली. टोकांना तिरपा काप होता, सगळ्यांना एकाच बाजूनं.

तो काप तिच्या विळ्याचा होता. स्वतःचं शिवण बाईला ओळखू येतं, तसा तिला तो ओळखू आला. तिनं शेजारचा ठोंब ओढला. आला. त्याच्या वरचा ओढला. तोही आला. सातवा ठोंब हातात आल्यावर ती ओढायची थांबली आणि तिनं खाली बघितलं. बरोबर पायाखाली आंबेटेकची चाळीस घरं होती, नव्या पत्र्यांची, आणि कुणाच्या तरी चुलीचा धूर वर येत होता.

या घरांची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. नऊ वर्षांपूर्वी भैरीचा अर्धा उतार खाली आला आणि पाच माणसं घेऊन गेला. त्यांत द्वारकेचा नवरा होता. सरकारनं गाव उचलून पलीकडच्या माळावर पत्र्याच्या शेडमध्ये नेऊन ठेवलं. सात वर्षं लोक तिथं उन्हाळ्यात भाजले आणि पावसात पत्र्याच्या आवाजानं बहिरे झाले. त्यांतल्या पाचव्या वर्षी एक दिवस डॉक्टर मृण्मयी केळुस्कर नावाची, पायात गमबूट घातलेली पोरगेलीशी बाई शेडमध्ये आली. तिच्या हातात लाकडाची बेचकी होती.

"तुमच्या शेतातलं कुठलंही मूळ बघा," ती म्हणाली होती. "ते सरळ जातं, आणि बाजूनं, आतल्या थरातून साल फोडून, त्याला नवी मुळं फुटतात. भात घ्या, आंबा घ्या, साधा वाळा घ्या, सगळ्यांची हीच रीत. पण चाळीस कोटी वर्षांपूर्वी झाडं गुडघ्याएवढी सुद्धा नव्हती, तेव्हा एका घराण्यानं दुसरीच रीत काढली. त्यांच्या मुळाचं टोकच दुभंगायचं. हे असं." तिनं बेचकी वर धरली. "एकाची दोन टोकं. दोनाची चार. दहा वेळा दुभंगलं की हजार, वीस वेळा दुभंगलं की दहा लाख. बाजूनं फुटणं नावालाही नाही. त्या घराण्यातले काही वारस अजून जिवंत आहेत. पावसाळ्यात तुमच्या कड्यावर शेवाळासारखी दिसणारी बारीक पानांची वनस्पती येते ना, ती त्यांतलीच."

"मग त्याचं आमाला काय?" धोंडिरामनं विचारलं होतं.

"या वाळ्यात आम्ही ती जुनी रीत परत जागी केलीय. याचं टोक दुभंगत दुभंगत खोल जातं, खडकाच्या फटीफटीत शिरतं. दोन्ही रीती एकत्र चालवल्या तर मूळ गोंधळतं, म्हणून बाजूनं फुटणं पार बंद केलंय. हा डोंगराला आतून शिवून टाकेल."

लोकांनी त्याला बेचकी वाळा म्हणायला सुरुवात केली. रोपं करायचं काम साहजिकच द्वारकेकडं आलं, कारण पंचक्रोशीत तिच्यासारखा रोपाचा हात कुणाचा नव्हता. हातभर लांबीच्या नळ्यांत नऊ हजार रोपं तिनं वाढवली. आणि लावणीच्या दिवशी तिनं तेच केलं जे तिच्या आईनं केलं होतं, आजीनं केलं होतं. रोप नळीतून काढायचं, मुळांची जुडी मुठीत धरायची, खालचा गुंता विळ्यानं सपकन् उडवायचा. चार बोटं ठेवायची. मुळं छाटली की रोप चिडून धरतं, असं तिची आई म्हणायची, आणि ते खरंच होतं. पोटचं पोर असल्यासारखं धरायचं प्रत्येक रोप. तांदूळ धुऊन घ्यायचे हे जसं कुणी कुणाला सांगत नाही, तसं हेही कुणी कुणाला सांगितलं नाही.

वर्षभरात उतार हिरवागार झाला. तरी लोक परत यायला धजत नव्हते. तेव्हा द्वारकाच शेडच्या दारोदार फिरली. "मी माझ्या हातानं लावलंय. मी पयल्यांदा ऱ्हायाला जाते, मग तुमी या," ती म्हणाली होती. तिच्या शब्दावर चाळीस घरं परत आली होती.

वासरू आपोआप घरी आलं. द्वारकाही घरी आली, पण तिला घरात बसवेना. चहा टाकला, तो उतू जाऊन चूल विझली. ओटीवरून परसात गेली, परसातून ओटीवर आली. हाताची माती धुतली आणि पुन्हा जाऊन तो ठोंब हातात घेतला.

आता निम्मा पावसाळा तर सरत आला, तिनं स्वतःला समजावलं. सरेल उरलेलाही. मग पुढच्या उन्हाळ्यात गुपचूप नवी रोपं लावू. नाहीतर सांगू की मुळाला कीड लागली. किडीचं काय, कुणाला कळणार आहे? पंचायतीच्या भिंतीवर सत्काराचा फोटो होता, शाल पांघरलेली द्वारका, आणि खाली लिहिलेलं 'डोंगर शिवणारी'. त्या फोटोचं काय करायचं, असाही विचार तिच्या मनात आला, आणि तिला स्वतःचीच इतकी किळस आली की तिनं लगेच मृण्मयीला फोन लावला.

पडद्यावर मृण्मयी दिसली. द्वारकेनं मूळ कॅमेऱ्यापुढं धरलं.

"काकू, टोकं कुठं गेली?"

"छाटली. लावताना."

"किती रोपांची?"

"समद्यांची."

मृण्मयी खुर्चीवरून उठली, पडद्याबाहेर गेली, परत आली. "तुमची पद्धत चुकीची नव्हती, काकू. साध्या वाळ्याचं टोक छाटलं की मागून बाजूची मुळं दुप्पट जोरानं येतात. पण याला बाजूनं फुटणंच उरलेलं नाही, ते मीच बंद केलंय. याचं जे काही आहे ते टोकात. टोक गेलं की ते मूळ तिथंच संपलं."

"मग हिरवं कसं ऱ्हायलं एवढं?"

"बुडख्याला केसासारखी मुळं येतात ना, ती झाडाला जगवतात. वीतभर खाली जातात. डोंगर धरायचं त्यांचं काम नाही." ती परत खुर्चीत बसली. "चाळीस पानांची पुस्तिका लिहिली मी. छाटू नका, एवढं एक वाक्य लिहिलं नाही. आमच्याकडं कुणी छाटतच नाही, काकू, मला सुचलंच नाही."

"ऱ्हाऊ दे आता. काय करायचं ते सांग."

"आजच्या आज बाहेर पडा. उद्या पहाटेपासून अतिवृष्टी आहे. मी वर कळवते, पण त्यांचं पथक पाहणी केल्याशिवाय हुकूम काढणार नाही, आणि पथक परवाशिवाय पोचत नाही."

"बाहेर पडायचं कुठनं? रस्ता उताराच्या पूर्वेकडनं जातो, अगदी पायथ्यानं. पायवाट पश्चिमेकडनं खिंडीत जाते, ती बी पायथ्यानंच. चार दिवस माती पाणी पितीय. चाळीस घरं, गुरंढोरं, म्हातारीकोतारी त्याच्याखालनं चालवायची म्हंजे..."

"एखादा तरी पट्टा न छाटलेला असेल? थोडासा? त्याच्याखालून जा."

"माझ्या रोपवाटिकेतनं एक रोप छाटल्याबिगर भाईर पडलं नाय," द्वारका म्हणाली. हे वाक्य तिनं आयुष्यभर छाती काढून म्हटलं होतं. आज म्हणताना तिला रडू आलं.

दुपारी पंचायतीत लोक जमले. भिंतीवर डोंगरपाल नावाच्या यंत्रणेचा पडदा होता. रोज सकाळी ड्रोन उतारावरून फिरायचा, पानांचा रंग मोजायचा आणि पडद्यावर आकडा यायचा. आजचा आकडा होता शहाण्णव टक्के, हिरवा.

"वहिनी, यंत्र हिरवं सांगतंय आन् तुमी म्हनता पळा?" धोंडिराम म्हणाला. "आत्ता कुठं भिंती वाळल्यात आमच्या."

द्वारकेनं ठोंब टेबलावर ठेवला. सगळे तिच्याकडं बघत होते. दाराशी तिची धाकटी जाऊ हौसा उभी होती, पदराचं टोक चावत. रोपवाटिकेत ती द्वारकेच्या हाताखाली होती आणि रोज शिव्या खायची. संथ काम करते, मोबाइलवर मालिका बघते, चार वाजले की घर दिसायला लागतं हिला. द्वारकेच्या तोंडून तिचं नाव कधी सरळ निघत नसे.

"मुळांना," द्वारका म्हणाली आणि अडखळली. कीड हा शब्द अगदी ओठांवर आला होता. म्हटला असता तर काम भागलं असतं, लोक निघाले असते, फोटो भिंतीवर राहिला असता. "मुळांना मी मारलंय. माझ्या हातानं. लावताना टोकं छाटली, आन् या जातीत टोकं छाटली की मूळ मरतं. मला ठावं नव्हतं, पण म्हनून काय झालं? हात माझाच की."

एकदम सगळे बोलायला लागले. कुणी म्हणालं म्हातारी चळली. कुणी म्हणालं हिच्या शब्दावर आलो आणि आता ही हात वर करते. जिचा भाऊ नऊ वर्षांपूर्वी गेला होता ती पार्वता खुटवड पुढं आली, द्वारकेच्या तोंडाजवळ बोट नेऊन म्हणाली, "तुजा नवरा गेला तवा मी तुला कवळून रडले ग. आन् तू आमाला परत त्याच्याच खाली आणून बसवलंस?" द्वारकेनं मान खाली घातली.

"खरं वाटत नसंल तर चला वर," ती शेवटी म्हणाली. "तुमीच उपटा."

धोंडिराम आणि दोन गडी तिच्यामागून चढले. धोंडिरामनं दोन्ही हातांनी एक ठोंब धरला, पाय रोवले, जोर लावला, आणि पुन्हा एकदा पाठीवर आपटला. या वेळी ठोंब त्याच्या छातीवर होता. कुणी हसलं नाही. तो उठला, आणखी तीन उपटले आणि खाली येऊन एवढंच म्हणाला, "सामान बांधा."

"पण जायचं कुठनं?" पार्वतेनं विचारलं. "रस्त्यानं का खिंडीनं?"

लोक द्वारकेकडं बघायला लागले आणि तिनं हात पसरले. "दोनीकडं मीच लावलंय."

"नाय," दारातून आवाज आला.

हौसा पुढं आली. तिनं पदर तोंडातून काढला. "खिंडीवरचा पट्टा माजा हाय. आक्का, तुला नाय सांगितलं मी. माज्या वाटणीची रोपं मी छाटलीच नव्हती."

"काय?"

"मालिका चालू असायची. एका हातात मोबाइल, मग छाटायचं कसं? नुसती काढायची आन् ठिवायची. तू बघितलंस तर चामडी सोलशील म्हनून मी त्या रोपांच्या पाट्या आपल्या डोक्यावर नेल्या, पार खिंडीच्या टोकाला, तुज्या नजरंपास्नं लांब. तिथं लावून टाकली. अकराशे असतील." ती रडायला लागली. "तवापास्नं जीव खालीवर व्हतोय माजा. वाटायचं, त्येवढा पट्टा माज्यामुळं ढासळायचा. दर पावसात मी पयली खिंडीकडं बघते."

द्वारकेला काय वाटलं ते तिलाच कळलं नाही. राग आला, आणि रागाच्याच पोटात असं काहीतरी हललं की तिनं हौसाचे दोन्ही दंड धरले. "समदी? एक बी छाटलं नाय? हौसे, आज खोटं बोलू नगंस. एखाद्या दिवशी मोबाइल बंद असंल, त्या दिवशी छाटली असतील. आठव."

"एक बी नाय, आक्का. भैरीची आन."

ज्या बाईच्या कामावर द्वारकेनं वीस वर्षांत कधी विश्वास टाकला नव्हता, तिच्या आळसावर आता चाळीस घरांचा जीव टाकायचा होता. ती स्वतः खिंडीवर गेली. पट्ट्याच्या खालच्या कडेचा ठोंब ओढला, मधला ओढला, वरचा ओढला. तळहात सोलवटले. मग धोंडिरामनं दोर बांधला, चार गड्यांनी ओढला, आणि दोर तुटला. वाळ्याचं पातं सुद्धा वाकडं झालं नाही.

"खिंडीनं," द्वारका म्हणाली.

दिवस मावळायच्या आत आंबेटेक खिंडीपलीकडं होतं. म्हाताऱ्यांना झोळीतून नेलं, गुरं पुढं हाकली. पार्वता द्वारकेकडं न बघता पुढं चालली. द्वारका शेवटी निघाली आणि हौसा तिच्या मागं. पायथ्याच्या दोनशे पावलांत दोघी सारख्या वर बघत होत्या. एकदा एक खडा घरंगळत आला, तेव्हा हौसानं तिचा हात धरला आणि खिंड ओलांडेपर्यंत सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला भैरीचा उतार खाली आला. माळावरून सगळ्यांनी बघितला. आधी हिरवं लुगडं फेडावं तसं गवत अखंड खाली सरकलं, मग आतली तांबडी माती फुटली, मग आवाज पोचला. चाळीस घरं दिसेनाशी झाली. पूर्वेकडचा रस्ताही दिसेना. एकट्या खिंडीवर हिरवा पट्टा उभा होता, कडेला मातीची भिंत कापल्यासारखी, आणि त्या भिंतीतून पांढरी मुळं बाहेर लोंबत होती, दोन दोन, चार चार, पुरुषभर खोल. त्याच्याखालची पायवाट शाबूत होती.

पार्वता द्वारकेजवळ येऊन उभी राहिली. "मी अजून तुज्यावर चिडलेलीच हाय," ती म्हणाली. मग तिथंच तिच्याशेजारी खाली बसली.

माघात शेडमागं नवी रोपवाटिका उभी राहिली. मृण्मयीची नवी पुस्तिका आली होती. तिच्या पहिल्या पानावर एकच वाक्य होतं, मोठ्या अक्षरांत. मृण्मयी स्वतः महिनाभर शेडमध्येच राहत होती आणि रोज संध्याकाळी रोपवाटिकेत येऊन बायकांना विचारायची, तुम्ही आणखी काय काय करता, जे कुणाला सांगत नाही? वहीत लिहून घ्यायची. वही भरत आली होती.

रोपांची मुखत्यारी आता हौसाकडं होती. द्वारकेनंच तसं सांगितलं होतं. द्वारका नुसती नळ्या द्यायची. पण हात ऐकत नसत. रोप नळीतून निघालं, मुळांची ती लांब, बारीक, दुभंगत गेलेली जुडी दिसली की तिची मूठ आपोआप वळायची आणि उजवा हात कमरेशी विळा शोधायचा. विळा तिथं नव्हता, तिनं तो घरासकट डोंगराखाली सोडला होता. तरी हात शोधायचा.

"आक्का," हौसा रोपावरची नजर न काढता म्हणाली, "तवा तुला कळलं असतं, मी छाटत नाय म्हनून, तर काय केलं असतंस?"

द्वारकेनं विचार केला. "तुला हाकलून दिलं असतं. आन् तुजी समदी रोपं बसून छाटली असती."

शेजारी ठेवलेल्या मोबाइलवर मालिकेतली सासू कुणावर तरी ओरडत होती. हौसानं पुढचं रोप काढलं, मुळं अलगद सोडवली, आणि तेवढ्यात तिला द्वारकेचा हात पुढं येताना दिसला.

"आक्का, हात."

द्वारकेनं दचकून हात मागं घेतला. मग दोन्ही हात मांडीखाली दाबून ती त्यांच्यावर बसली आणि म्हणाली, "तू कर. मी बघते."